साखळीला बांधलेला चमचा : पोलंडच्या 'दूध-बार'चा इतिहास

स्तानिस्वाव बारेया या पोलिश दिग्दर्शकाच्या 'मिश' या चित्रपटात खाणावळीचे एक छोटेसे दृश्य आहे. स्वस्त, सरकारी खाणावळ आहे. लोक टेबलांशी बसले आहेत. त्यांच्यापुढच्या थाळ्या स्क्रू मारून टेबलाला पक्क्या बसवलेल्या आहेत आणि चमचे साखळीने जखडलेले आहेत, म्हणजे गिऱ्हाइकाला ते चोरून नेता येऊ नयेत. हा चित्रपट १९८० मध्ये तयार झाला आणि मे १९८१ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथा बारेया आणि स्तानिस्वाव तिम यांनी मिळून लिहिली होती; तिमने त्यात प्रमुख भूमिकाही केली. गेल्या चार दशकांत हे दृश्य पोलिश समाजाच्या स्मृतीत इतके रुजले आहे की 'बार म्लेच्नी', म्हणजे दूध-बार, असा शब्द निघाला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आधी ती साखळीच येते. प्रत्यक्षात अशा बारमध्ये जेवलेल्या माणसांच्याही.

उपहास हा इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावा, हा साहित्याच्या अभ्यासकांना नवा नसलेला प्रश्न इथे फार नेमक्या रूपात समोर येतो. बारेयाचे दृश्य उघडच अतिशयोक्त आहे. ते वास्तवाची नोंद म्हणून वाचले तर आपण फसू. पण निव्वळ विनोद म्हणून सोडून दिले तरी काहीतरी महत्त्वाचे हातचे निसटेल. साखळी खरी नसली तरी साखळीमागचा संशय खरा होता. आणि तो संशय केवळ साम्यवादी राजवटीचा नव्हता, हे दूध-बारचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला की लक्षात येते. स्वस्तात जेवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, हा या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

मराठीत आपण दोन शब्दांत एक स्पष्ट भेद करतो. खाणावळीत माणूस पैसे मोजून जेवतो; अन्नछत्रात त्याला जेवू घातले जाते. खाणावळीत जेवणारा गिऱ्हाईक असतो, त्याला आमटी पातळ झाल्याची तक्रार करता येते. अन्नछत्रात जेवणारा याचक असतो. त्याने तक्रार करायची नसते. पोलिश भाषेत साध्या खाणावळीला 'याद्वोदाय्न्या' असा एक जुना शब्द आहे. 'याद्वो' म्हणजे अन्न, आणि उत्तरपदात 'देणे' हा धातू आहे. जिथे अन्न दिले जाते ती जागा. विकणे आणि देणे यांतली सीमारेषा त्या शब्दातच धूसर आहे, आणि दूध-बार नेमका त्या धूसर जागेत उभा राहिला.

बाहेर जेवणे ही गोष्ट पोलिश साहित्यात बऱ्याच उशिरा येते. आदाम मित्स्क्येविच याच्या 'पान तादेउश' (१८३४) या काव्यात खाण्यापिण्याची रेलचेल आहे. शिकारीनंतर शिजणाऱ्या 'बिगोस'चे, म्हणजे आंबवलेला कोबी आणि मांस यांच्या मिश्रणाचे, त्यातले वर्णन प्रसिद्ध आहे. पण ते सारे जमीनदारांच्या वाड्यावरचे खाणे आहे. तिथे यजमान असतो आणि पाहुणे असतात. किंमत, गिऱ्हाईक, हिशेब हे शब्द त्या जगात शोभत नाहीत. मित्स्क्येविच हे सारे पॅरिसमध्ये, निर्वासित अवस्थेत लिहीत होता. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत पोलंड नकाशावरून पुसला गेला होता. हरवलेल्या देशाचे चित्र त्याने वाड्यावरच्या पंगतीतून उभे केले, यात नवल नाही.

अर्धशतकानंतर बोलेस्वाव प्रुस याने 'लाल्का' ('बाहुली') ही कादंबरी लिहिली. ती १८८७ ते १८८९ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९० मध्ये पुस्तकरूपाने आली. या कादंबरीची सुरुवात वाड्यावर होत नाही, खाणावळीत होते. १८७८ च्या सुरुवातीचे वॉर्सा शहर आहे. नेहमीची गिऱ्हाइके बिअर पीत बसली आहेत आणि स्तानिस्वाव वोकुल्स्की या व्यापाऱ्याविषयी बोलत आहेत. चांगले चालते दुकान सोडून हा गृहस्थ बाल्कनमधल्या युद्धाच्या धामधुमीत पैसा कमवायला गेलाच कसा, हा त्यांच्या चर्चेचा विषय आहे. नायक अजून रंगमंचावर आलेला नाही. त्याच्याविषयी शहराचे मत मात्र आधीच तयार आहे. हे मत तयार होण्याची जागा म्हणून प्रुसने खाणावळ निवडली.

त्या गप्पांतून आणखी एक तपशील कळतो. हा वोकुल्स्की तरुणपणी होप्फर नावाच्या माणसाच्या मद्यगृहात आणि खाणावळीत नोकरीला होता. दिवसा गिऱ्हाइकांची सेवा करायची आणि रात्री पुस्तके घेऊन बसायचे. विश्वविद्यालयात जाण्याची स्वप्ने पाहणारा हा वाढपी गिऱ्हाइकांच्या चेष्टेचा विषय होता. पुढे तो श्रीमंत होतो, पण सरदार घराण्यातल्या इझाबेलाच्या नजरेत तो कायम दुकानदारच राहतो. टेबलाच्या कोणत्या बाजूला तुम्ही एकदा उभे होता, हे समाज विसरत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वॉर्सात उपाहारगृह ही वर्गभेद विसरण्याची जागा नव्हती. ते भेद मोजण्याची ती सोयीची जागा होती.

पहिला दूध-बार याच वॉर्सात, प्रुस हयात असताना निघाला. १८९६ मध्ये स्तानिस्वाव द्वुझेव्स्की या जमीनदाराने शहराच्या नोवी श्व्यात या प्रतिष्ठित रस्त्यावर 'म्लेचार्न्या नाद्श्विद्झान्स्का' सुरू केली. नावाचा अर्थ 'श्विदर नदीकाठची दूधशाळा'. द्वुझेव्स्कीची जहागीर त्या नदीच्या परिसरात होती. दूध, दही, ताजे पनीर, अंडी, पीठ आणि भरड धान्य यांचे पदार्थ तिथे माफक दरात मिळत.

या सुरुवातीच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे ही कल्पना कोणत्याही सरकारची नव्हती, समाजवाद्यांची तर नव्हतीच. वॉर्सावर तेव्हा रशियन झारचे राज्य होते आणि खाणावळ काढणारा खानदानी जमीनदार होता. १८६३ चा उठाव फसल्यानंतर आणि १८६४ मध्ये शेतकऱ्यांना जमिनीचे हक्क मिळाल्यानंतर पोलिश जमीनदारवर्गाला शेतमालासाठी शहरी बाजारपेठेकडे पाहणे भाग पडत होते, ही त्या काळाची पार्श्वभूमी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे दूध-बारमध्ये मांस नव्हते ते कोणत्याही व्रतामुळे वा टंचाईमुळे नव्हे. दूध, पीठ आणि अंडी यांवर माणसाचे पोट कमी पैशांत भरते, एवढाच त्यामागचा हिशेब होता. मद्यही नव्हते. वोकुल्स्कीबद्दल कुचाळक्या करणाऱ्या बिअरबाज मंडळींची ही जागा नव्हती. इथे यायचे, जेवायचे, पैसे द्यायचे आणि कामाला जायचे. गिऱ्हाइकाकडे पैसे थोडे होते, पण तो गिऱ्हाईकच होता.

१९१८ मध्ये पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. दोन महायुद्धांमधल्या वॉर्साच्या साहित्यिक इतिहासात सर्वाधिक उल्लेख येतो तो मात्र दूध-बारचा नव्हे, तर माझोव्येत्स्का रस्त्यावरच्या 'झ्येम्यान्स्का' या कॅफेचा. युलियान तुविम, आन्तोनी स्वोनिम्स्की, यान लेहोन्य हे 'स्कामान्दर' गटाचे कवी तिथे बसत. त्यांचे टेबल वरच्या माडीवर होते आणि त्या टेबलाशी कोणी बसावे याचे अलिखित नियम होते. खालून वर बोलावले जाणे ही नवकवीच्या आयुष्यातली घटना असे. विटोल्ड गोम्ब्रोविच त्याच कॅफेत यायचा, पण त्याचा दरबार वेगळ्या टेबलाभोवती भरत असे. साहित्यातले पंथ, मानमरातब, हेवेदावे हे सगळे त्या काळात टेबलांच्या भूगोलातून वाचता येतात.

साहित्येतिहासाची ही एक मर्यादाच म्हणावी लागेल. ज्या टेबलांशी लेखक बसले त्यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या. ज्या टेबलांशी कारकून, विद्यार्थी, शिवणकाम करणाऱ्या बायका आणि बेकार कामगार बसले, त्यांची नोंद करायला कोणी बसले नाही. १९३० नंतरच्या मंदीने पोलंडला फार मोठा तडाखा दिला होता आणि स्वस्त जेवणाची गरज त्या काळात वाढतच गेली. झ्येम्यान्स्काची किस्सेवजा चरित्रे उपलब्ध आहेत. त्याच वर्षांतल्या स्वस्त खाणावळींच्या वाट्याला तसा चरित्रकार आला नाही. पुढे बारेयाचा विनोद एकट्याने एवढी जागा व्यापू शकला, त्याचे एक कारण ही पोकळी आहे.

१९३९ मध्ये जर्मन आक्रमण झाले आणि टेबलाशी कोणी बसावे हा प्रश्न शिष्टाचाराचा न राहता जीवनमरणाचा झाला. शहरातल्या चांगल्या उपाहारगृहांवर, ट्रामच्या डब्यांवर 'फक्त जर्मनांसाठी' अशा पाट्या लागल्या. १९४१ मधल्या वॉर्साच्या शिधेचे जे आकडे नेहमी दिले जातात ते बोलके आहेत : दिवसाला जर्मनांना २६१३ कॅलरी, पोलिश लोकांना ६९९ आणि ज्यूंना १८४. एकाच शहरात माणसाचा वंश पाहून त्याच्या पोटाचे माप ठरवले गेले.

अशा काळातही कॅफे चालू होते, आणि त्यांतल्या काहींचा इतिहास विलक्षण आहे. जर्मनांच्या परवानगीने चालणाऱ्या रंगभूमीवर काम करायचे नाही असे पोलिश नटांच्या संघटनेने ठरवले होते. त्यामुळे नामांकित नटनट्या पोटासाठी कॅफेमध्ये वाढप्याचे काम करू लागल्या. 'उ आक्तोरेक', म्हणजे 'नट्यांकडे', अशा नावाचा कॅफेच होता. विटोल्ड लुतोस्वाव्स्की आणि आन्जेय पानुफ्निक हे पुढे जगप्रसिद्ध झालेले दोन संगीतकार तेव्हा कॅफेमध्ये दोन पियानोंवर जोडीने वाजवत. पागानिनीच्या रचनेवर आधारलेली लुतोस्वाव्स्कीची दोन पियानोंसाठीची प्रसिद्ध रचना १९४१ मधली आहे. ती अशाच कार्यक्रमांसाठी तयार झाली. आणि भिंतीच्या आत, नोव्हेंबर १९४० मध्ये बंद केलेल्या ज्यू घेट्टोत, लेश्नो रस्त्यावरच्या 'श्तुका' ('कला') या कॅफेत व्वादिस्वाव श्पिलमान पियानो वाजवत होता. आत ज्यांच्याकडे अजून काही पैसे उरले होते ते जेवत होते. बाहेर फुटपाथवर माणसे भुकेने मरत होती. श्पिलमानने आपल्या आठवणींत या विसंगतीवर पांघरूण घातलेले नाही.

युद्ध संपले तेव्हा वॉर्साचा मोठा भाग ढिगाऱ्यात होता. पोलिश भाषेत 'रेस्ताउरात्स्या' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : उपाहारगृह आणि जीर्णोद्धार. त्या वर्षांत दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडत होते. पण पहिल्या अर्थावर सरकारचे लक्ष लवकरच गेले. १९४७ मध्ये हिलारी मिन्त्स या मंत्र्याच्या पुढाकाराने 'व्यापाराची लढाई' या नावाने खाजगी व्यापाराविरुद्ध मोहीम सुरू झाली. थोड्याच वर्षांत बहुतेक खाजगी उपाहारगृहे बंद पडली किंवा सरकारच्या वा सहकारी संस्थांच्या हाती गेली. उपाहारगृहांच्या श्रेणी ठरल्या आणि श्रेणीप्रमाणे दर ठरले. वर्गहीन समाजाच्या वाटेवर निघालेल्या राज्यात खाण्याच्या जागांना मात्र पहिली, दुसरी, तिसरी अशी वर्गवारी होती.

या व्यवस्थेत दूध-बारला मानाची नव्हे, पण अत्यंत उपयोगाची जागा मिळाली. कारखान्यातल्या कामगारांना कारखान्याचे भोजनगृह असे. ज्यांच्या कामाच्या ठिकाणी तसे काही नव्हते त्यांच्यासाठी, आणि विद्यार्थी, निवृत्त माणसे, एकटे राहणारे, गावाहून शहरात कामाला आलेले अशांसाठी दूध-बार होता. जमीनदाराच्या खाजगी व्यवसायातून जन्मलेली संस्था अशा तऱ्हेने समाजवादी राज्याची ओळख बनली. तिचा मांसविरहित पदार्थपट राज्याला फारच सोयीचा होता. मांसाची टंचाई हे त्या राजवटीचे जुनाट दुखणे होते. १९५९ मध्ये तर उपाहारगृहांत आणि दुकानांत सोमवारी मांस न विकण्याचा नियम करावा लागला होता. द्वुझेव्स्कीचा काटकसरीचा हिशेब आता सरकारी धोरणाच्या कामी आला.

या बारमध्ये जेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदलली नाही. भिंतीवर पदार्थांचा आणि दरांचा फलक. प्रथम गल्ल्यापाशी रांग. तिथे पदार्थ सांगायचा, पैसे द्यायचे, पावती घ्यायची. मग ती पावती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची. आत बहुधा बायकाच काम करत असतात. पदार्थ तयार झाला की खिडकीतून हाक येते. थाळी आपणच उचलायची, आणि जेवण झाल्यावर रिकामी भांडी दुसऱ्या खिडकीत आपणच ठेवायची. पदार्थ साधे : आपल्या घावनांसारखे पातळ 'नालेश्निकी', आत गोड पनीर; करंजीच्या आकाराचे पण पाण्यात उकडलेले 'पियेरोगी'; बटाट्याच्या पिठाचे 'कोपित्का'; कुट्टूची शिजवलेली 'काशा'; बिटाचे 'बार्श्च'; भात किंवा शेवया घातलेले दुधाचे सूप; आणि फळे उकळून केलेले 'कोम्पोत'. वॉर्सा विश्वविद्यालयाशेजारच्या 'उनिव्हेर्सितेत्स्की' बारला विद्यार्थ्यांनी 'कारालुख', म्हणजे 'झुरळ', असे नाव ठेवले होते. ते तिरस्काराचे वाटते, पण ज्या खाणावळीला विद्यार्थी टोपणनाव ठेवतात तिथे ते रोज जेवत असतात, हे विद्यार्थिदशेतून गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आता १९८० या वर्षाकडे वळू. कारण 'मिश'चा विनोद ज्या वातावरणात जन्मला ते समजल्याशिवाय त्याचा रोख कळत नाही. त्या वर्षी १ जुलैपासून सरकारने मांसाचे दर वाढवले आणि ही वाढ कारखान्यांच्या भोजनगृहांपर्यंत पोचली. लुब्लिनजवळच्या श्विदनिक या गावात हेलिकॉप्टरचा मोठा कारखाना होता. ८ जुलै रोजी तिथल्या कामगारांना भोजनगृहात दिसले की आदल्या दिवसापर्यंत १० झ्वोती २० ग्रोशला मिळणारा डुकराच्या मांसाचा कटलेट आता १८ झ्वोती १० ग्रोशला झाला आहे. काम थांबले. संप लुब्लिन परिसरात पसरला, रेल्वेपर्यंत गेला. पुढच्या महिन्यात ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला आणि ३१ ऑगस्टच्या करारातून 'सॉलिडॅरिटी' ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. एका पदार्थाच्या दरातून एवढे मोठे आंदोलन निर्माण झाले असे म्हणणे अर्थातच सोपेपणाचे होईल. १९७० आणि १९७६ मध्येही दरवाढीविरुद्ध उद्रेक झाले होते आणि १९७० मध्ये गोळीबारात माणसे मेली होती. पण ठिणगी पडली ती भोजनगृहात, हे खरे.

ग्दान्स्कच्या संपकऱ्यांच्या एकवीस मागण्या लाकडी फलकांवर लिहून गोदीच्या फाटकावर लावल्या गेल्या. हे फलक २००३ मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदवहीत समाविष्ट झाले. त्यांतली तेरावी मागणी पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. परिस्थिती सुधारेपर्यंत मांसासाठी शिधापत्रिका सुरू करा, अशी ती मागणी आहे. स्वातंत्र्याची मागणी करणारे कामगार रेशनिंग मागत होते! वरवर पाहता विसंगत वाटणाऱ्या या मागणीत खोल अर्थ आहे. कामगारांना फुकट काही नको होते. रांगेत कोणाला किती मिळेल हे ओळखीपाळखीवर आणि वशिल्यावर ठरू नये, सर्वांना सारखे माप लागावे, एवढेच त्यांना हवे होते. एप्रिल १९८१ पासून मांसाच्या पत्रिका खरोखरच सुरू झाल्या. त्या १९८९ पर्यंत चालल्या. पत्रिका लागू झाल्याच्या पुढच्याच महिन्यात 'मिश' चित्रपटगृहांत आला, आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला देशात लष्करी कायदा पुकारला गेला.

या पार्श्वभूमीवर साखळीला बांधलेल्या चमच्याकडे पुन्हा पाहावे. बारेया अन्नाच्या टंचाईवर हसत नाही. त्याच्या दृश्यात अन्न आहे, लोक जेवत आहेत. तो हसतो ते विश्वासाच्या टंचाईवर. कामगारांच्या नावाने चालणारे राज्य कामगाराच्या हाती ॲल्युमिनियमचा एक चमचा मोकळा द्यायला तयार नाही, ही त्याच्या विनोदाची धार आहे. द्वुझेव्स्कीच्या दूधशाळेतला गिऱ्हाईक राज्याच्या दूध-बारमध्ये लाभार्थी झाला होता. लाभार्थ्यावर नजर ठेवावी लागते. खाणावळीचे अन्नछत्र झाले की वाढणाऱ्याच्या मनात संशय आणि जेवणाऱ्याच्या मनात लाज शिरते. साखळी हे त्या दोन्हींचे दृश्य रूप आहे.

इथपर्यंतचा अर्थ पोलंडमध्ये सर्वमान्य आहे आणि तो पुरेसा आहे असेही समजले जाते. साम्यवाद गेला, साखळी गेली, विनोद उरला. पण पुढची हकीकत या समजाला साथ देत नाही.

१९८९ नंतर बाजारव्यवस्था आली. भाडी वाढली, नव्या तऱ्हेची उपाहारगृहे आली आणि बहुसंख्य दूध-बार बंद पडले. जे टिकले त्यांतले पुष्कळ राज्याच्या अनुदानावर टिकले. हे अनुदान मांसविरहित पदार्थांसाठी, त्यांना लागणाऱ्या कच्च्या मालाच्या किमतीच्या आधारे दिले जाऊ लागले. म्हणजे ज्या संस्थेला साम्यवादाचे अवशेष म्हणून हिणवले जात होते तिला भांडवलशाही राज्य पैसे देत होते, आणि मुळात ती भांडवली व्यवसाय म्हणूनच जन्मली होती. तिन्ही व्यवस्थांना ती लागली, याचा अर्थ एवढाच की थोड्या पैशांत गरम जेवण हवे असलेली माणसे तिन्ही व्यवस्थांत होती.

त्या माणसांना ही जागा किती आपली वाटत होती, हे २०११ च्या डिसेंबरात दिसले. वॉर्साच्या मार्शाव्कोव्स्का रस्त्यावरचा 'प्रासोवी' हा १९५० च्या दशकातला दूध-बार बंद झाला. तेव्हा काही कार्यकर्ते बंद बारमध्ये शिरले, त्यांनी स्वयंपाक केला आणि येणाऱ्यांना जेवू घातले. शेवटी पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. पुढे त्याच जागी नव्या चालकाच्या हाती बार पुन्हा सुरू झाला. खाणावळ बंद पडू नये म्हणून माणसे तिचा ताबा घेतात, ही घटना 'मिश'च्या प्रेक्षकाला न समजण्यासारखी आहे. साखळीने बांधून ठेवलेल्या माणसांनी साखळी सुटल्यावर त्याच खुर्चीत परत का बसावे? उत्तर असे की साखळी ही त्यांच्या अनुभवाची एक बाजू होती. दुसरी बाजू म्हणजे पोटभर जेवण, ओळखीचा आवाज, आणि शेजारी प्राध्यापक, पेन्शनर व सफाई कामगार एकाच टेबलाशी. त्या बाजूवर कोणी चित्रपट काढला नव्हता.

आणि मग २०१५ मध्ये मसाल्यांचे प्रकरण घडले. अनुदानपात्र पदार्थांत कोणते जिन्नस चालतील याची यादी अर्थमंत्रालयाच्या नियमांत दिलेली होती. यादीबाहेरचा जिन्नस वापरला तर त्या पदार्थाचे अनुदान जाणार. आणि कितीतरी मसाले यादीबाहेर राहिले होते. वर्तमानपत्रांत चेष्टा झाली, बारचालकांनी तक्रारी केल्या, आणि अखेर यादी वाढवण्यात आली. पण घडले ते एवढे लहान नव्हते. सार्वजनिक पैशाचा हिशेब काटेकोर असावा, याबद्दल दुमत नाही. मात्र स्वस्त जेवणारा माणूस काय चवीने खाईल हेही हिशेबनिसाने ठरवावे, असे जेव्हा राज्याला वाटते तेव्हा थाळी पुन्हा टेबलाला स्क्रूने बसवली जाते. या वेळी राज्य लोकशाही होते, युरोपीय संघाचे सदस्य होते. साखळी धातूची नव्हती, नियमाच्या कलमाची होती.

म्हणून बारेयाचे दृश्य एका राजवटीपुरते मर्यादित करून वाचणे हे त्या दृश्यावर अन्याय करणारे आहे, असे मला वाटते. त्याने जे पकडले ते साम्यवादापेक्षा जुने आणि साम्यवादानंतरही टिकलेले आहे. 'लाल्का'तल्या वाढप्याला विश्वविद्यालयाची स्वप्ने पाहताना हसणारी गिऱ्हाइके आणि गरिबाच्या सूपमधल्या मसाल्याचा हिशेब मागणारा अधिकारी एकाच कुळातले आहेत. माणसाने आपल्या पायरीप्रमाणे खावे, ही दोघांचीही श्रद्धा आहे.

उपहासाला पुरावा म्हणून वापरताना त्याच्याकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, हा धडा या इतिहासातून साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावा. उपहास वस्तुस्थितीबद्दल खोटे बोलतो आणि संबंधांबद्दल खरे बोलतो. दूध-बारमध्ये चमचे कसे ठेवले जात, हे कळण्यासाठी 'मिश' निरुपयोगी आहे. वाढणारा आणि जेवणारा एकमेकांकडे कसे पाहत, हे कळण्यासाठी तो अमूल्य आहे. पण तेवढ्यानेही भागत नाही. अपमानाची नोंद करणारे साहित्य सहसा तृप्तीची नोंद करत नाही. तृप्त माणूस हात धुऊन कामाला निघून जातो. त्याच्यापाशी सांगण्यासारखी गोष्ट नसते. त्याच्या बाजूचा पुरावा दरांच्या फलकावर, पावत्यांवर, बंद बारच्या दारापाशी जमलेल्या गर्दीत शोधावा लागतो. तो शोधला नाही, तर इतिहास विनोदकारांच्या हाती जातो. आणि बारेयासारखा मोठा विनोदकार असला तरी इतिहास एकट्या त्याच्यावर सोपवणे बरे नव्हे.